डब्याचं दुसरं भोक

किराणा दुकानात तेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना दुकानदार एका भोकावर थांबत नाही. एका कोपऱ्यात तेल यायला भोक पाडतो, समोरच्या कोपऱ्यात हवा जायला. दुसरं भोक विसरलं तर तेल गचके खात येतं, धार तुटते आणि शेवटी थांबते. डबा मात्र भरलेलाच असतो. स्कूटरवाल्यांनाही हा धडा कधी ना कधी मिळालेला असतो. माझी जुनी स्कूटर एका पावसाळ्यात दर तीन-चार किलोमीटरला बंद पडायची. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा उघडला. शेवटी नाक्यावरच्या मेकॅनिकने टाकीचं झाकण फिरवलं, फुस्स असा आवाज आला, आणि त्याने झाकणातलं चिखलाने बुजलेलं बारीक भोक सुईने मोकळं केलं. पैसे घ्यायलाही तयार नव्हता.

स्कूटर बंद पडली की आपण ती कडेला लावतो. घरच्या गॅरेजमध्ये हौसेने बांधलेल्या विमानालाही हाच आजार होतो, आणि तिथे कडेला लावायची सोय नसते. किट विमानांच्या इंधनव्यवस्थेवर गेल्या काही दशकांत जे लिहिलं, तपासलं आणि भोगलं गेलं आहे, ते वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बांधणारा माणूस पंख आणि इंजिनावर जीव टाकतो आणि टाकीकडे नळकाम म्हणून बघतो. त्यातही टाकीतून पेट्रोल बाहेर कसं येईल याचा विचार तो करतो. तेवढीच हवा आत कशी जाईल, हा विचार उद्यावर जातो.

हा छंद मुख्यतः अमेरिकेचा. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली विस्कॉन्सिनमध्ये एक्सपरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली, आणि दर जुलैत ऑशकॉशला या मंडळींची जत्रा भरते. कायदा सुटसुटीत आहे: विमान बांधण्याचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असावं. याला सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. उरलेलं काम किट बनवणारी कंपनी करते: पत्रे कापून, साचे ओतून, भोकं पाडून खोकी घरपोच येतात. कारखान्यात बनणाऱ्या विमानाला इंधनटाकी, तिचे पट्टे, गाळणी, व्हेंट (हवेची नळी) या सगळ्यांसाठी जे बारीक नियम पाळावे लागतात, ते या विमानाला बंधनकारक नाहीत. विमानात ‘एक्सपरिमेंटल’ असं ठळक लिहिलेलं असतं. आत बसणाऱ्याने काय समजायचं ते समजावं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१२ साली या विमानांवर एक स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा तिथे अशी सुमारे ३३,००० विमानं होती, देशातल्या खासगी व छोट्या विमानांच्या जवळपास १० टक्के. २०११ मधल्या अपघातांत मात्र त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के निघाला. कारणांत दोन गोष्टी बाकीच्यांना खूप मागे टाकून पुढे होत्या: इंजिनाची ताकद जाणं आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं. ‘इंजिनाची ताकद जाणं’ या शब्दांनी फसायला होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, पिस्टन फुटला असेल. पण इंजिन धडधाकट असतं आणि त्याला पेट्रोलच पोचत नाही, हीही ताकद जाण्याचीच एक तऱ्हा आहे.

आधी टाकी कुठे बसवायची, हा प्रश्न. ऑशकॉशच्याच सोनेक्स विमानात साच्यात बनवलेली १६ गॅलनची, म्हणजे साठेक लिटरची पॉलिथिलीनची टाकी इंजिनामागची भिंत (फायरवॉल) आणि पॅनेल यांच्या मधे, वैमानिकाच्या पायांवर असते. नळी आखूड, टाकी एकच, निवड करायला काही नाही, पेट्रोल आपोआप खाली उतरतं. विमान नाकावर आदळलं तर मात्र साठ लिटर पेट्रोल मांडीवर येणार. ही भीती खरी आहे, तरी माझं मत या साध्या मांडणीच्या बाजूने झुकतं. पेट्रोलमुळे इंजिन थांबण्याच्या कहाण्यांत दोन टाक्या, तीन कॉक, एक पंप आणि ‘मीच थोडा बदल केला’ असं विमान फार भेटतं.

दुसरा मार्ग पंखांचा. ओरेगॉनमधली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी १९७३ साली सुरू केलेली कंपनी या धंद्यातली सर्वांत मोठी. तिच्या किटमधून बांधलेली ११,००० हून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. त्यांच्या बहुतेक ‘आरव्ही’ विमानांत टाकी पंखात ठेवलेली नसते, पंखाची पुढची धारच टाकी असते. पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे, त्यांना शेकडो रिव्हेट, आणि प्रत्येक सांध्यात, प्रत्येक रिव्हेटच्या डोक्याखाली पॉलिसल्फाइडचं सीलंट. हे सीलंट म्हणजे घट्ट काळपट काकवी. वास असा की घरातली मंडळी गॅरेजचं दार बाहेरून लावून घेतात, आणि हाताला लागलं की दाराच्या कडीला, चष्म्याला, चहाच्या कपाला लागतं. कालवल्यावर थोड्याच वेळात ते घट्ट व्हायला लागतं, म्हणून हात घाई करतो, आणि घाईत एखादा कोपरा कोरडा राहतो.

तो कोपरा शोधण्याची युक्ती मला फार आवडते. टाकीची बाकी तोंडं बंद करायची, व्हेंटच्या तोंडाला एक साधा फुगा बांधायचा, टाकीत हळूच हवा भरायची आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. गळती असली तर बुडबुडे येतात. फुगा असतो तो दाब मोजायला नव्हे, दाब वाढू नये म्हणून. चौरस इंचाला एक पौंड हा दाब ऐकायला क्षुल्लक आहे, पण एक फूट लांब-रुंद पत्र्यावर तोच १४४ पौंड, म्हणजे पासष्ट किलो होतो. कॉम्प्रेसरची नळी लावून ‘बघू तरी’ म्हणणाऱ्याची टाकी पावासारखी फुगते. आणखी एक गंमत: सकाळी बांधलेला फुगा दुपारी टम्म होतो आणि रात्री लुळा पडतो, तेव्हा गळतीच्या शंकेने झोप उडते. बहुतेक वेळा ती फक्त हवामानाची करामत असते.

गळती सापडली की पूर्वी टाकीत एक पातळ लेप ओतून सगळीकडे घोळवायचे. सोपं होतं, म्हणून लोकप्रिय होतं. वर्षांनी या लेपाचे पापुद्रे सुटले आणि गाळणीवर जाऊन बसले. गळती दिसते, वासाने कळते. पापुद्रा कळत नाही. आज जाणती मंडळी हा लेप टाळतात आणि टाकीच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून चुकलेला सांधा हाताने भरतात.

पट्ट्यांनी बांधलेल्या सुट्या टाकीचं दुखणं वेगळं. पट्टा आणि टाकी यांच्यात गादी हवी आणि ती पाणी न शोषणारी हवी, असा कारखान्यातल्या विमानांचा जुना नियम आहे. घरी बांधणारा हाताशी असेल तो फोम घालतो. फोम पाणी धरतो, त्याखाली ॲल्युमिनियम गंजतं, आणि पाच-सहा वर्षांनी टाकीला पट्ट्याच्या रेषेतच घाम फुटतो.

आता हवेकडे. व्हेंट म्हणजे टाकीच्या सर्वांत उंच जागेतून बाहेर उघडणारी नळी, एवढंच. आरव्हीत ही नळी टाकीच्या आतून पंखाच्या टोकाकडे जाते, कारण पंख टोकाकडे किंचित उचललेले असतात आणि हवा तिथे गोळा होते. तिथून ती परत धडात येते, वर चढून वळसा घेते आणि पोटाखाली तिरपी कापलेली, जाळी लावलेली बाहेर निघते. हा वळसा बघून नवख्याला वाटतं, कशाला एवढी फिरवाफिरव? वळसा नसेल तर भरलेली टाकी कलत्या विमानातून आपोआप रिती होत राहील. आणि नळी खाली वळून परत वर गेली, म्हणजे मधे झोळ राहिला, तर बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी साचतं तसं पेट्रोल तिथे साचतं. बेसिनखालचं पाणी वास अडवतं, व्हेंटमधलं पेट्रोल हवा अडवतं. थंडीत तिथे पाणी गोठलं तर बूचच बसलं.

बाहेरचं तोंड कुठे उघडतं, यावर तर सगळा खेळ. विमान १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर वेगाने जात असताना समोरून येणारी हवा नळीच्या तोंडावर जो दाब देते, तो पेट्रोलच्या सुमारे २३ सेंटिमीटर उंच स्तंभाएवढा भरतो. ६० नॉटला तो आठ सेंटिमीटरवर येतो. उंच पंखांच्या विमानात पंप नसतो तेव्हा टाकीचा तळ आणि कार्बोरेटर यांच्यातल्या उंचीवरच सगळी भिस्त असते. ही उंची पुष्कळदा हात-दीड हाताची असते, आणि विमान नाक उचलून चढायला लागलं की तीही कमी होते. अशा वेळी २३ सेंटिमीटर आपल्या बाजूने आहेत की विरुद्ध, याला महत्त्व येतं. झाकणावर पुढे तोंड केलेली नळी असली तर हवा पेट्रोलला ढकलते. तीच नळी काढता-घालताना कोणी उलटी बसवली, किंवा झाकणात नुसतं भोक ठेवलं, तर पंखाच्या वरच्या अंगाला हवेचा दाब कमी असल्याने ती पेट्रोल वर ओढते. जमिनीवर कितीही तास इंजिन चालवा, हा दोष दिसणार नाही. तो वेगाबरोबर जन्मतो.

दोन टाक्या एकत्र वाहत असतील तर आणखी एक भानगड होते. डाव्या व्हेंटवर उजव्यापेक्षा थोडा जास्त दाब आला की डावी टाकी आधी रिती होते, आणि नळ्या खालून जोडलेल्या असल्या तर डावीकडचं पेट्रोल उजवीकडे जाऊन तिथल्या व्हेंटमधून बाहेरही पडतं. उपाय जुनाच आहे: खालून पेट्रोल जोडलं असेल तर वरून हवाही जोडायची. खाली पंख असलेल्या, पंपाने ओढणाऱ्या विमानांत हे टाळायला कॉकवर ‘दोन्ही’ ही जागाच ठेवत नाहीत, कारण एक टाकी संपली की पंप दुसऱ्या टाकीतलं जड पेट्रोल सोडून पहिल्या टाकीतली हलकी हवा ओढतो.

आयडाहोमध्ये जन्मलेल्या किटफॉक्ससारख्या विमानांत सीटच्या मागे एक छोटी मधली टाकी असते. पंखांतून पेट्रोल तिच्यात उतरतं, तिथून इंजिनाकडे जातं. विमान कललं तरी इंजिनाला थोडा साठा हाताशी राहावा, हा हेतू. पण या छोट्या टाकीच्या डोक्यावरून एक नळी परत पंखाच्या टाकीकडे गेली पाहिजे. ती नसली तर आत अडकलेला हवेचा बुडबुडा जाणार कुठे? पेट्रोल उतरू पाहतं, हवा चढू पाहते, दोघं एकाच नळीत एकमेकांची वाट अडवतात. पंखात पंचवीस लिटर दिसत असताना इंजिन खोकायला लागतं.

व्हेंट बुजण्याची कारणं हास्यास्पद वाटावीत इतकी घरगुती आहेत. रंगकाम करताना लावलेली चिकटपट्टी. फार बारीक विणीची जाळी. आणि कुंभारीण माशी. आपल्या खिडकीच्या कोपऱ्यात, बंद पडलेल्या कुलपात मातीचं घर करते तीच, तिच्या अमेरिकी बहिणींसह. शिसपेन्सिलीएवढं भोक हे तिच्यासाठी तयार घर आहे. विमान पंधरा दिवस उभं राहिलं की पुरे. म्हणून उड्डाणाआधीच्या फेरीत व्हेंटशी वाकून बघायचं असतं, आणि विमान पोटाशी बुटकं असल्यामुळे नेमकं तेवढंच राहून जातं.

पूर्ण बुजलेल्या व्हेंटने इंजिन लगेच थांबत नाही. टाकीत वर जी हवा असते ती थोडी फुगून वेळ काढते. मग आत निर्वात वाढत जातो, पत्रा आत ओढला जातो, प्रवाह बारीक होतो. विमान शेतात उतरतं, कोणीतरी टाकी बघायला झाकण उघडतं आणि फुस्स. त्यानंतर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. पुरावा झाकण उघडणाऱ्यानेच पुसलेला असतो.

व्हेंट उन्हासाठीही हवाच. पेट्रोल एक अंश सेल्सिअसला हजारात जवळपास एक भाग फुगतं. काठोकाठ भरलेल्या ८० लिटरच्या टाकीला वीस अंशांचं ऊन लागलं की दीड लिटर जास्त होतं. कारखान्यातल्या विमानांच्या टाकीत २ टक्के रिकामी जागा सोडण्याचा जो जुना नियम आहे, त्यामागे हाच हिशेब दिसतो. जागा सोडली नाही आणि व्हेंटही बंद असला, तर सीलंटचा तो घाईत राहिलेला कोपरा आता बोलतो.

पेट्रोल टाकीतून निघाल्यावर कॉकपर्यंत येतं, आणि कॉकची सगळ्यांत गाजलेली गोष्ट गायक जॉन डेन्व्हर यांच्या मृत्यूची. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात पॅसिफिक ग्रोव्हजवळ त्यांचं लाँग-ईझेड विमान समुद्रात कोसळलं. रचना बर्ट रुटान यांची. विमान दुसऱ्याच कोणी बांधलेलं, डेन्व्हर यांनी नुकतंच विकत घेतलेलं. मूळ आराखड्यात कॉक वैमानिकाच्या पुढे, हाताशी होता. बांधणाऱ्याने तो पाठीमागच्या भिंतीवर, डाव्या खांद्याच्या मागे नेला. पेट्रोलच्या नळ्या आपल्या बसण्याच्या जागेत नकोत, एवढाच त्याचा विचार. कुठल्या जागी कुठली टाकी, हे लिहिलेलं नव्हतं. पेट्रोल दाखवणाऱ्या काचा मागच्या सीटशी होत्या, त्यांवर खुणा नव्हत्या, आणि पुढे बसून त्या दिसाव्यात म्हणून आरसा धरावा लागे. उड्डाणाआधी एका तंत्रज्ञाबरोबर डेन्व्हर यांनी कॉकच्या मुठीला पक्कड लावून लांबी वाढते का, तेही बघितलं, जमलं नाही. पेट्रोल भरायचं का, असं विचारल्यावर त्यांनी नको म्हटलं, तासाभराचंच उड्डाण होतं. तपासात पुढे दिसलं की त्या कॉकपर्यंत पोचायला पट्टे सोडून अंग पिळावं लागतं, आणि तसं करताना उजवा पाय नकळत उजव्या रडरवर दाबला जातो. एनटीएसबीने कारण म्हणून ताबा सुटणं नोंदवलं, आणि कारणीभूत गोष्टींत बांधणाऱ्याने कॉकसाठी निवडलेली जागाही लिहिली.

नळ्या बसण्याच्या जागेत नकोत, हा बांधणाऱ्याचा विचार मला वेडगळ वाटत नाही. एकेकटा बघितला तर प्रत्येक बदल शहाणाच असतो. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचा निरीक्षक बांधणीच्या टप्प्याटप्प्यावर सही करतो आणि आराखड्यातला बदल मंजूर करून घ्यावा लागतो. अमेरिकेत बांधणारा अशा बदलाला मोकळा असतो. तिकडच्या मोकळिकीतून रुटानसारखी माणसं निघाली, हे विसरून चालणार नाही. पण त्या खांद्यामागच्या कॉकला ‘हे कुणाला दाखवलंस का?’ असं कोणी एकदा विचारायला हवं होतं.

इंधनानेही अलीकडे नवा पेच टाकला आहे, आणि तो आपल्या दारातला आहे. भारतात पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. हलक्या विमानांत सर्रास दिसणाऱ्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला त्याच्या निर्मात्याची मान्यता १० टक्क्यांपर्यंत. लायकमिंग इंजिनाला इथेनॉल चालतच नाही. इंजिनाआधी टाकी भोगते. जुन्या फायबरग्लासच्या टाक्यांतली काही रेझिनं इथेनॉलने मऊ होतात, जुने लेप सुटतात, रबराच्या नळ्या फुगतात. शिवाय इथेनॉल व्हेंटमधून येणारी दमट हवा पितं, आणि पाणी हद्दीबाहेर गेलं की दोघं मिळून तळाला वेगळा थर धरतात, नेमके पेट्रोल उचलणाऱ्या नळीच्या तोंडाशी. कोकणच्या पावसाळ्यात उभ्या असलेल्या विमानासाठी हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही.

हे सगळं पहिल्या उड्डाणाआधी पकडायची चाचणी आहे का? बऱ्याच अंशी आहे, आणि ती फुकट आहे. अमेरिकी विमान प्रशासनाच्या चाचणी-उड्डाण पुस्तिकेत ती वर्षानुवर्षं छापलेली आहे. विमानाचं नाक सर्वांत तीव्र चढाईच्या कोनापेक्षा पाच अंश जास्त वर करायचं. टाकीत थोडंच पेट्रोल ठेवायचं. कार्बोरेटरची नळी सोडून भांड्यात धरायची आणि घड्याळ लावायचं. नुसत्या उतारावर चालणाऱ्या व्यवस्थेत इंजिनाच्या पूर्ण ताकदीच्या खपाच्या दीडपट धार पडली पाहिजे, पंप असेल तर सव्वापट. १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स पूर्ण ताकदीवर तासाला २७ लिटर पितं. दीडपट म्हणजे साडेचाळीस. म्हणजे लिटरची बाटली दीड मिनिटात भरली पाहिजे. दोन मिनिटं लागली तर कुठेतरी वळण चुकलंय, नळी बारीक आहे, गाळणी तुंबलीय किंवा डब्याचं दुसरं भोक नीट नाही. वाऱ्याच्या दाबाचा दोष ही चाचणी पकडत नाही, म्हणून पहिली उड्डाणं धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालत करायची.

२०१२ च्या अभ्यासात एनटीएसबीने शिफारस केली होती की इंधनव्यवस्थेच्या चाचणीची पद्धत ठरवून द्यावी, प्रमाणपत्र मागणाऱ्या प्रत्येकाकडून ती करून घ्यावी आणि अहवाल मागावा. माझ्या मते त्या सगळ्या अभ्यासातली हीच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी ओळ आहे. कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाला २०१७ साली डीजीसीएची नोंदणी मिळाली, तेव्हापासून आपल्याकडेही पोरं गॅरेजकडे बघायला लागली आहेत. त्यांतला कोणी हे वाचत असेल तर एक विनंती: बाटली भरायला लागलेले सेकंद विमानाच्या वहीत, तारखेसह, पहिल्या पानावर लिहा, आणि विमान विकाल तेव्हा ते पान घेणाऱ्याला वाचून दाखवा.